खालच्या पट्टीतलं गाणं

एकसष्ट दिवे तीनदा मोजून झाले आणि तिन्ही वेळा निरनिराळा आकडा आला. कणकेचे ते दिवे कस्तुराआत्या मोजत होत्या, आणि मोजता मोजता जिना चढून गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाची चौकशीही करत होत्या, मग दुसरं काय होणार? शेवटी विजयश्रीने ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं, जास्तीचे दोन दिवे बाजूला ठेवले आणि आपल्या वडिलांना चौरंगावर नीट बसायला सांगितलं.

दौलतराव नीटच बसले होते. नवा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, कपाळावर कुंकवाचा भला मोठा टिळा. एकसष्टीची शांत सकाळीच आटोपली होती आणि गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या घरी गेले होते. आता ओवाळणं आणि जेवण एवढंच उरलं होतं. काळेवाडीतल्या त्या दुमजली घराच्या गच्चीवर मांडव घातला होता, परांड्याकडचे पाहुणे आदल्या दिवशीच उतरले होते. एवढं सगळं आपल्यासाठी चाललंय म्हटल्यावर माणसाने खूश असावं. दौलतराव खूश नव्हते. त्यांचं लक्ष मांडवाच्या कोपऱ्यात होतं. तिथे त्यांच्या मुलाचा, सुजितचा मित्र बंटी टीव्हीला वायरी जोडत होता, आणि बरोबर बारा वाजता त्या टीव्हीवर सुजितचं नवं गाणं लागणार होतं.

काळेवाडीचा सुज्या म्हणून ज्याला अर्धं चाकण ओळखतं, ज्याच्या 'जनरल शिफ्ट' या रॅपवर कंपन्यांच्या बसमध्ये पोरं टाळ्या पिटतात, त्या सुजितने या वेळी रॅप केलाच नव्हता. चक्क गायला होता. प्रेमाचं गाणं, 'सावकाश' नावाचं. आणि ते ऐकून पप्पा सगळ्यांसमोर आपलं मत सांगणार, असं विजयश्रीने घरच्या ग्रुपवर परस्पर जाहीर करून टाकलं होतं.

अडचण एकच होती. दौलतरावांना ऐकू येत नव्हतं.

म्हणजे अगदीच ठार नाही. भांडं पडलेलं कळायचं, ट्रक गेलेला कळायचा. पण माणूस बोलायला लागला की आवाज यायचा आणि शब्द वाटेत कुठेतरी गळून पडायचे. बायकांचं बोलणं तर निम्मं हवेतच जायचं. चार माणसं एकदम बोलली की दौलतरावांच्या कानात नुसता बाजार भरायचा. ही गोष्ट त्यांनी कोणापाशीही, बायकोपाशीसुद्धा, कबूल केली नव्हती. कशी सांगणार? भोसरीच्या इंजिनच्या कारखान्यात ते तेहतीस वर्षं टेस्टिंगला होते. मशीनने पास केलेलं इंजिन दौलतरावांच्या कानाने नापास केलं, तर साहेब लोक मशीन तपासायला घेत. कारखान्यातल्या भजनी मंडळात पेटीवाल्याचा सूर हलला की दौलतरावांची मान आधी हलायची. कानात घालायची बोंडं कारखान्याने दिली होती, ती त्यांनी आयुष्यभर खिशात ठेवली. कान बुजवून इंजिन कसं ऐकायचं, असं ते विचारत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर आता त्याची फळं भोगत होते.

मागच्या श्रावणात शेजारच्या ओंकारची गाडी ऐकून 'काय झालेलं न्हाई, बिनधास्त जा' असं त्यांनी सांगितलं आणि गाडी नाशिक फाट्यावर आडवी झाली. दौलतरावांनी सगळं खापर ऑइलवर फोडलं. बोलण्याचं म्हणाल, तर त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरचा बोलायचा थांबला की ते 'झकास' म्हणत. शंभरातल्या ऐंशी गोष्टींना झकास खपून जातं. भजनी मंडळातल्या एका जुन्या मित्राने वडील गेल्याचं सांगितलं, तेव्हा मात्र खपलं नव्हतं.

आता हे एकसष्टीचं झकास खपेल का, याच चिंतेत ते ओवाळून घेत होते.

"पप्पा," सुजित समोर येऊन उकिडवा बसला. सत्तावीस वर्षांचा गडी, गळ्यातली साखळी आज आईच्या हुकमाने कुर्त्याच्या आत गेली होती. "बारा वाजता. आधी गाणं, मग जेवण. चालेल ना?"

पोरगा अलीकडे असाच समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलायचा. वाढत्या वयाबरोबर वळण लागलं, असं दौलतरावांना वाटायचं.

"चालंल की," ते म्हणाले.

त्या पोराला त्यांनी एकदा दुखावलं होतं आणि ते अजून त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. सुजित बारा वर्षांचा असताना गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला मोठ्या हौसेने गळा काढून गात होता. सूर जरा इकडेतिकडे झाला, आणि दौलतरावांनी सगळ्यांदेखत त्याच्या हातात टाळ देऊन 'तू नुसता टाळ वाजव' असं सांगितलं. पोराने मान खाली घातली आणि टाळ वाजवला. त्यानंतर घरात त्याला गाताना कोणी ऐकलं नाही. कॉलेजात गेल्यावर त्याने रॅप सुरू केला. त्यात गायचं नसतं, बोलायचं असतं, तेही झपाट्याने.

मग आता हा गायला का लागला, हे दौलतरावांना कळेना. बातमी फुटली ती गोधडीमुळे. दोन महिन्यांपूर्वी दौलतरावांची गोधडी गेली, मग पलंगावरची गेली, मग पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चारही गेल्या. चोर गोधड्या नेतो हे त्यांनी प्रथमच पाहिलं. शेवटी त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी कबूल केलं, की गिरणीच्या वरच्या मजल्यावर बंटीची खोली आहे, तिथे आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावायला आपणच त्या दिल्या. नुसत्या दिल्या नाहीत, त्या स्वतः तिथे जाऊनही बसल्या होत्या. खाली गिरणी सुरू झाली की वर रेकॉर्डिंग बंद. दळण संपलं की सुजित पुन्हा माइकपुढे. एक ओळ त्याने तेवीस वेळा गायली आणि चोविसाव्या वेळी गिरणीवाल्यानेच खालून ओरडून 'आता बरोबर आली' म्हणून सांगितलं, हे मंजुळाबाई दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. दौलतरावांनी ते सगळं ऐकून घेतलं होतं आणि झकास म्हटलं होतं.

"लागलं! लागलं!" विजयश्री ओरडली.

चाळीस माणसं टीव्हीकडे वळली. पडद्यावर आकुर्डी स्टेशन आलं, फलाट आला, बाकावर डबा उघडून बसलेली एक मुलगी आली आणि तिच्या शेजारी सुजित. त्याचे ओठ हलायला लागले. दौलतरावांनी जीव कानात गोळा केला. आवाज येत होता, हे नवल. जाड, खालचा, लांबवलेला आवाज, अगदी ओळखीचा. पण मांडवातले चार पंखे घरघरत होते, खाली आचारी पातेली आपटत होता, आणि शब्द पकडावा म्हटलं की परांड्याचं कोणीतरी शिट्टी मारत होतं. चार मिनिटं दौलतराव पडद्याकडे बघत राहिले. लोक हसले की तेही हसले, लोकांनी माना डोलावल्या की त्यांनीही डोलावली.

गाणं संपलं आणि मांडवात एकच गलका झाला.

"कुठली हाय ती पोरगी?" कस्तुराआत्यांनी पहिला मुद्दा काढला. "सांग की रं. लाजूलालास कशाला? आडनाव काय तिचं?"

"आत्या, ती अ‍ॅक्टिंग करते. चिंचवडला नाटकात असते."

"नाटकात असंना. डबा तर खरा हाय न्हवं? पोळी चांगली गोल हुती."

विजयश्री मोबाइलवरच्या कॉमेंट मोठ्याने वाचू लागली. "'भावा, रॅप कुठंय?' 'सुज्यादादा, शिफ्ट बदलली काय?' 'बायकोला पाठवलं, दोन दिवसांनी बोलली राव.' अरे, आत्ता तर आलंय, दोन दिवस कुठले! हे बघ, 'पहिल्यांदाच तुझं गाणं आईसोबत बसून ऐकलं.' आणि हा म्हणतो, 'इतक्या खाली का गातोस, घसा बसलाय का?'"

"मी तेच म्हणत होतो," विजयश्रीचा नवरा कुलदीप म्हणाला. हे दिघीचे जावई चाकणला इंजिनिअर होते आणि न विचारता सल्ला देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. "रॅपरने रॅप करावा. गायचंच तर जरा वर चढवून गायचं. ही काय पट्टी आहे? आणि एकेक शब्द सुटा सुटा, पहिलीच्या पोरांना शिकवल्यासारखा."

"दाजी, तुम्हाला कळलं ना सगळं?" सुजितने हसून विचारलं.

"कळलं, पण..."

"बास मग."

"तुम्ही तिकडच्या बाजूने की आमच्या?" विजयश्रीने नवऱ्याला दटावलं आणि माइक उचलून वडिलांपुढे धरला. "आता खरे परीक्षक. पप्पा, बोला."

सगळा मांडव दौलतरावांकडे बघू लागला. त्यांनी घसा साफ केला. "झकास," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. सुजितने टाळी वाजवली नाही. तो पुन्हा समोर येऊन बसला. "पप्पा, कुठलं कडवं आवडलं?"

दौलतराव सापडले. पहिलं म्हणावं तर कारण विचारेल, मधलं म्हणावं तर तेच. "शेवटचं," ते म्हणाले. "शेवटचं कडवं म्हंजे एकच नंबर."

सुजित त्यांच्या तोंडाकडे बघत सावकाश म्हणाला, "शेवटी कडवं नाहीये, पप्पा. शेवटी नुसती बासरी आहे."

बासरी? बासरी वाजल्याचं दौलतरावांच्या गावीही नव्हतं.

कुलदीप खो खो हसला. "मामांनी ऐकलंच नाही! झोपले होते बसल्या बसल्या!"

"गप रे," कस्तुराआत्या कडाडल्या. मघापासून त्या जावयाच्या बाजूने माना हलवत होत्या, पण भावावर कोणी हसलं की त्यांचा पक्ष ठरलेला असे. "पहाटं चारला उठवलंय त्याला आंघोळीला. झोप येईल न्हाई तर काय?"

"असू दे," सुजित उठत म्हणाला. "चला, पानं वाढायला घ्या." तो कोपऱ्यात गेला आणि मान खाली घालून वायरी गुंडाळू लागला.

त्या खाली गेलेल्या मानेकडे दौलतराव बघत राहिले. ही मान त्यांनी आधी पाहिली होती, पंधरा वर्षांपूर्वी, आरतीच्या गर्दीत. खोटं बोलून आपण आपली इभ्रत राखली आणि पोराच्या हातात पुन्हा टाळ दिला, हे त्यांना लख्ख कळलं. ते चौरंगावरून उठले आणि कोणाशीही न बोलता जिना उतरून गेले.

"रुसले," आत्या म्हणाल्या.

"पप्पा कधी रुसत नाहीत," विजयश्री म्हणाली, पण ती काळजीने जिन्याकडे बघत होती. मंजुळाबाईंनी आचाऱ्याला हातानेच थांबायची खूण केली.

पाच मिनिटांनी दौलतराव वर आले तेव्हा त्यांच्या हातात हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर होता. कुलदीप दोन पावलं मागे सरकला.

"बंटी," दौलतराव म्हणाले, "तो स्पीकरचा डबा हिकडं आण. ह्या पाटावर ठेव. गाणं पयल्यापासनं लाव. पंखे बंद करा. आन सगळ्यांनी तोंडं मिटा. आक्का, तू बी."

पंखे थांबले. दौलतराव पाटाशेजारी मांडी घालून बसले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांनी स्पीकरच्या लाकडी अंगाला टेकवलं, मुठीकडची बाजू दोन्ही हातांनी कानामागच्या हाडावर दाबून धरली आणि डोळे मिटले. तेहतीस वर्षं इंजिनं त्यांनी अशीच ऐकली होती. बाहेरचा कितीही कल्ला असो, लोखंडातून आलेला आवाज सरळ हाडात उतरतो, हे त्यांना कारखान्यात पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या फिटरने शिकवलं होतं.

गाणं सुरू झालं, आणि या वेळी ते आलं. धडधड आधी आली, तिच्यामागून पोराचा आवाज. संथ, भारदस्त, एकेक अक्षर मोकळं.

सावकाश चल, गाडी अजून लांब आहे,
आकुर्डीच्या फलाटावर ऊन थोडं थांबलं आहे.
अर्धी पोळी माझ्यासाठी रोज मागे ठेवतेस,
भूक नसते गं मला, तू जवळ बसतेस.

दौलतरावांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. पुसायला हात मोकळा नव्हता. दोन वर्षांत त्यांना पहिल्यांदाच एक गाणं शब्दांसकट ऐकू आलं होतं, आणि ते त्यांच्या पोराचं होतं. मांडवात चाळीस माणसं श्वास रोखून एका म्हाताऱ्याला गाणं ऐकताना बघत होती. खाली आचाऱ्यानेही पातेली आपटायचं थांबवलं होतं.

गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि अगदी टेस्टिंगच्या खात्यातल्या आवाजात म्हणाले, "'अर्धी पोळी'ला सूर उतरलाय."

"काका!" बंटी जागच्या जागी उडाला. "तिथंच! मी ह्याला शंभरदा म्हणलो, कॉम्प्युटरवर सरळ करून टाकू. हा ऐकायलाच तयार नाही."

"मशीनने सरळ केलेलं पप्पांना लगेच कळलं असतं," सुजित म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "बाकीचं? बाकीचं कसं आहे, पप्पा?"

"बाकीचं पास," दौलतराव म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "गातोस तू. चांगला गातोस. त्या वक्ताला मी तुझ्या हातात टाळ दिला ती चूक माझी. बारा वर्साचं पोरगं, सूर हलायचाच की. आन मघाशी मी लबाड बोललो. झोपलो न्हवतो." त्यांनी सगळ्या मांडवावरून नजर फिरवली. "मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली."

कोणालाच धक्का बसला नाही, याचा धक्का दौलतरावांना बसला.

"दोन?" मंजुळाबाई म्हणाल्या. "तीन झाली. तुमच्याशी वरडू वरडू माझा गळा बसला. शेजारी म्हणतेत, काकू रोजच कशाला भांडता?"

"माझ्या फोनला तुम्ही 'झकास, ठेव' म्हणता," विजयश्री म्हणाली. "मी 'पप्पा, बाळाला ताप आलाय' म्हटलं तरी."

"मला तर परांड्यात कळलं हुतं," कस्तुराआत्यांनी आपलाही हात वर केला.

"मला कोणी सांगितलंच नाही," कुलदीप रडवेला होऊन म्हणाला. मघाच्या हसण्याने त्याला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "मामा, माफ करा. खरंच."

"जावयाला कशाला सांगायचं घरातलं?" आत्या म्हणाल्या, आणि मांडवभर हशा पिकला. त्या हशात कुलदीपही सामील झाला, तेव्हा विजयश्रीने त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली.

दौलतराव मात्र पोराकडे बघत होते. "तुला बी ठावं हुतं?"

"हो."

"सांग आता त्यांना," विजयश्री भावाला म्हणाली. "रॅप का नाही केलास ते. बंटीला सांगितलं नाहीस, लोकांना नाही, पण त्यांना तरी सांग."

सुजित वडिलांच्या पुढ्यात बसला. नेहमीसारखा समोर, तोंडाकडे तोंड करून. "'जनरल शिफ्ट' आलं तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर बसून ते पूर्ण ऐकलंत, पप्पा. आठवतं? ते अख्खं तुमच्यावर होतं. सकाळची सातची बस, तुमचा डबा, तुमचं इंजिन, तेहतीस वर्षं. मी दाराआड उभा होतो, तुम्ही काय म्हणताय म्हणून. तुम्ही म्हणालात, झकास. आणि आईला विचारलंत, कालवण काय केलंय?"

दौलतरावांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर पाटावर ठेवला.

"मला लई राग आला होता. महिनाभर बोललो नाही तुमच्याशी. मग आईनं सांगितलं, अरे, त्यांना रॅपमधला एक शब्द पकडता येत नाही, बारीक आवाज तर येतच नाही. लाखो लोकांनी ऐकलं आणि ज्याच्यावर होतं त्यालाच ऐकू गेलं नाही. म्हणून म्हटलं, एक गाणं तरी असं करू, की पप्पांना पोचेल. खालच्या पट्टीत. हळू. एकेक शब्द सुटा." तो ओशाळून हसला. "हळू म्हणायचं तर गावंच लागतं ना. म्हणून शिकलो."

मंजुळाबाईंनी पदर डोळ्याला लावला. कस्तुराआत्यांना पोरीचं आडनाव कळायचं राहून गेलं होतं, तेही त्या विसरल्या.

दौलतरावांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग त्यांनी बायकोला हाक मारली. "मंजुळा, त्या कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी कुठंय?"

"तुमी चुरगाळून मोरीत टाकली ती व्हय?" मंजुळाबाई म्हणाल्या. "म्हातारं ठरवूलालीस म्हणून किती वरडला हुता. मी वाळवून ठेवलीय."

"मग काढ. उद्या सकाळी जाऊ. मशीन घालतो कानात, एक न्हाई, दोन घालतो." मग ते सुजितकडे वळले. "ते शिफ्टचं मला पुन्यांदा ऐकायचंय, पयल्यापासनं. आन पुढलं गाणं माझ्यापायी हळू म्हणू नगंस. तुला जेवढं पळवायचं तेवढं पळव, लेकरा. मी गाठतो तुला."